हस्तलिखितातलं सतरावं पान

हस्तलिखित म्हणजे काय, हे हल्लीच्या पोरांना समजावून सांगायचं म्हणजे डोक्याला ताप. "किती प्रती काढल्या होत्या?" असं विचारतात. अरे बाबांनो, एक! एकच प्रत. टाकानं लिहिलेली, बोटं काळी करून. ती आधी शाळेत दाखवायची आणि मग गावातल्या शिकल्यासवरल्या लोकांच्या घरी फिरवायची, एका घरी एक दिवस. शेवटची चार-सहा पानं कोरी ठेवायची, अभिप्रायासाठी. ज्यानं अंक वाचला त्यानं तिथं दोन ओळी लिहायच्या आणि खाली सही ठोकायची. पुढच्या घरचा माणूस मग मागच्या घरांचे अभिप्राय वाचायचा. खरं सांगायचं तर अंक राहिला बाजूला, अभिप्रायच आधी वाचायचा.

आमचा अंक निघाला तो परंड्याच्या शाळेत, निजामाच्या राज्यात. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. शाळा उर्दू, गणित उर्दूतून, भूगोल उर्दूतून, मराठीला आठवड्यातून मोजके तास. ते तास घेणारे आमचे मास्तर पेटी झकास वाजवायचे. पाच-सहा राग ओळखायला त्यांनीच आम्हाला शिकवलं, तेही व्याकरणाच्या तासाला, वर्गाचं दार लोटून. आदल्या वर्षी त्यांनी किल्ल्यावर अंक काढायचा घाट घातला होता, पण हेडमास्तरांनी नाही म्हटलं. मराठीत हातानं लिहिलेले कागद घरोघर फिरतायत म्हटलं की त्या काळी अंमलदारांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. मग मास्तर म्हणाले, "संगीतावर काढू. गाण्यात कोण काय शोधणार?"

हेडमास्तर माणूस वाईट नव्हते, भित्रे होते. त्यांनी इजाजत दिली, पण एका अटीवर. प्रत्येक पानावर शाळेचा शिक्का मारायचा आणि पहिल्या पानावर उर्दूत लिहायचं, एकूण पानं अठ्ठेचाळीस. खाली त्यांची सही, मास्तरांची सही. उद्या एखादं पान कमी भरलं, तर त्या पानावर काय होतं हे मास्तरांनी पोलिसांच्या अमीनसाहेबांना जाऊन सांगायचं. मास्तरांनी हसत सही केली. आम्हालाही ती गंमतच वाटली.

आम्ही पाच पोरं होतो. कागद तर बाजारात दिसत नव्हता. तो दिला अप्पांनी. अप्पांचं कापडाचं दुकान, घर आमच्या घराच्या मागं पाठीला पाठ लावून. लिंगायत माणूस, कपाळाला भस्माचे पट्टे, बोलायला गोड. "पोरं काहीतरी चांगलं करत्यात," म्हणून त्यांनी बार्शीहून आणून ठेवलेला कागदाचा अख्खा दस्ता काढून दिला, आणि बांधणीला निळं कापड. त्या कागदावर आम्ही जी भांडणं केली! स्वरलिपीसाठी सोळा मात्रांची सोळा घरं आखायची तर पान पुरेना. पान आडवं धरलं तर शेवटची घरं शिलाईत जायला लागली. समास तांबड्या शाईनं आखायचा की हिरव्या, यावर दोघं दोन दिवस बोलत नव्हते. मुखपृष्ठावर वीणा काढली होती. ती दोन भोपळे बांधून विहिरीत पोहायला निघालेल्या पोरासारखी दिसायची. पण आम्ही खूश होतो. माझं अक्षर बरं, म्हणून सगळ्यांचं लिखाण शेवटी मीच उतरवून काढलं.

मास्तरांनी गुण द्यायला एक तक्ता केला होता. अक्षर, मांडणी, मजकूर असे रकाने, आणि एका रकान्यावर नुसतं लिहिलं होतं 'कान'. त्याला सगळ्यांत जास्त गुण. म्हणजे जे लिहिलंय ते पोरानं स्वतः ऐकलंय का? कुठं ऐकलं, कोणत्या दिवशी, किती वाजता, राग कोणता, काय चांगलं, काय चुकलं. "पुस्तकातलं उतरवून आणाल तर शून्य," मास्तर म्हणाले. "आणि चूक दाखवली न्हाय तर अर्धे. नुसती वाहवा कुणीबी करतंय." अंक घरोघर फिरून आला की अभिप्राय बघून मग पहिला नंबर ठरायचा होता.

एकानं संबळावर लिहिलं. एकानं मोटेवरच्या गाण्यांवर. मठात कानडी भजनं व्हायची, त्यांच्यावर एकानं लिहिलं. मला काही सुचेना. आणि मग सुचलं, ते माझ्या परसातच होतं की! आमच्या परसाची भिंत आणि अप्पांच्या माजघराची भिंत एकच. अप्पांची मुलगी तेरा-चौदा वर्षांची. लहानपणी आम्ही एकत्र खेळलो होतो, पण ती मोठी झाली आणि बोलणं बंद झालं. गावाची रीतच तशी. आवाज मात्र भिंत ओलांडून यायचा. गावात एक म्हातारे पेटीवाले होते, नाटक कंपनीत उभा जन्म काढून परत आलेले. ते तिला शिकवायला यायचे. ती गायची आणि मी परसात तोंड धुवायचं निमित्त करून उभा राहायचो. दुपारी तीनला तोंड धुणारा मी गावात एकटाच असेन.

तर मी लिहिलं. मास्तरांच्या तक्त्याप्रमाणं, एकही रकाना न सोडता. 'भूमच्या बाजाराच्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमारास, आमच्या परसाच्या भिंतीपलीकडे भीमपलास ऐकला.' आवाज किती सरळ लागतो, निषाद कसा हलकेच येतो, सगळं लिहिलं. अवरोहात, पंचमावरून खाली येताना घाई होते, हेही लिहिलं. नाव लिहिलं नाही. परक्याच्या मुलीचं नाव अंकात घालायचं नसतं, एवढी अक्कल मला होती. तेवढीच होती.

मास्तरांनी 'कान'च्या रकान्यात पैकीच्या पैकी गुण दिले आणि पानावर तांबड्या शाईनं लिहिलं, 'उत्तम कान.' ते पान सतरावं. मी दोन दिवस हवेत होतो.

मग अंक गावात निघाला. कुणाच्या घरी कधी, याची यादी मास्तरांनी केली होती, आणि पोचवायचं-आणायचं काम माझ्याकडं. पहिलं घर हेडमास्तरांचं झालं. दुसऱ्या घरी पोस्टमास्तर. माणूस चांगला, थट्टेखोर. मी अंक आणायला गेलो तर ते सतरावं पान उघडून बसले होते.

"का रे, हे अप्पांच्या घरातलं न्हवं?"

मी नुसता हसलो.

"भूमच्या बाजाराच्या दिवशी! वा रे पठ्ठ्या! अप्पा पहाटेच्या मोटारीनं कापड विकायला भूमला गेले की इकडं शिकवणी सुरू. मी बघतोय की त्या पेटीवाल्याला बोळातनं जाताना."

"रोजच येत असतील," मी म्हणालो.

"रोज कुठनं येतील? अप्पांनी त्या नाटकवाल्याला कधी दुकानाची पायरी चढू दिली न्हाय. घरात भजनं चालत्यात, तेवढी त्यांना चालत्यात. ही शिकवणी त्यांना ठाऊकच न्हाय, सगळ्या आळीला ठाऊक हाय."

सगळ्या आळीला ठाऊक, आणि भिंतीला कान लावून उभ्या राहणाऱ्या मला नाही! मी तो दिवस लिहिला तो मास्तरांनी दिवस मागितला म्हणून. फक्त त्याच दिवशी गाणं का होतं, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. पोस्टमास्तरांनी अभिप्राय लिहून ठेवला होता: 'पृष्ठ सतरा अप्रतिम. भूमच्या बाजाराचा दिवस आम्हीही राखून ठेवू.' खाली झोकदार सही. त्या भल्या माणसाचा गळा दाबावा असं वाटलं मला.

यादीत पाचवं नाव अप्पांचं होतं. मध्ये दोन घरं. म्हणजे दोन दिवस.

मी धावत मास्तरांकडं गेलो आणि म्हटलं, सतरावं पान काढून टाकू. सगळं सांगितलं. मास्तरांचा चेहरा उतरला. त्यांनी अंक घेतला, पहिलं पान उघडलं आणि उर्दूतल्या अठ्ठेचाळीसवर बोट ठेवलं.

"पान गेलं की मला ठाण्यात बसवतील. विचारतील, काय होतं त्या पानावर? मी काय सांगू? भीमपलास होता? कोण विश्वास ठेवील?"

"मग नुसती पहिली ओळ खरडून काढू."

"शिक्का मारलेल्या पानावर खाडाखोड? ते तर आणखीच वाईट. अन् पोस्टमास्तरांनी लिहिलंय त्याचं काय करशील?"

"अप्पांचं घर वगळू."

"कागद त्यांचा हाय रे. रोज दुकानातनं हाक मारून विचारत्यात, आमच्या कागदाचा अंक कधी येतो म्हणून."

मग त्यांनी अंक मिटून माझ्या हातात दिला. म्हणाले, "मी तरी काय करू, सांग." मोठ्या माणसाला माझ्याकडं बघून असं विचारताना मी पहिल्यांदाच ऐकलं. मला रडू आलं.

तिसऱ्या घरी डॉक्टर. 'पृष्ठ सतरावरील परीक्षण विशेष आवडले.' चौथ्या घरी देशमुख. 'पृष्ठ सतरा: भिंतीपलीकडील कोकिळेस आमचे आशीर्वाद.' अंक माझ्याच काखेत होता आणि तो मला थांबवता येत नव्हता. एका घरातून दुसऱ्या घरी मीच तर नेत होतो.

शेवटी अप्पा दुकानात असताना मी मागच्या दारानं काकूंकडं गेलो. काकू म्हणजे अप्पांची बायको. सुपात तूर निवडत बसल्या होत्या. मी उभ्या उभ्या सांगून टाकलं. त्यांचे हात थांबले.

"लिहिलं कशाला रे बाबा?" एवढंच म्हणाल्या.

मी खाली सांडलेले तुरीचे दाणे वेचायला लागलो.

"लगीन ठरेपतूर तरी शिकू दे, म्हणून मी चोरून चालवलंय. एकदा सासरी गेली की गळा कुठला अन् काय कुठलं." त्यांनी सूप बाजूला सारलं. विचार करत बसल्या. मग म्हणाल्या, "हे बघ. ह्यांचं समदं मोडीत. बाळबोध अक्षर बघितलं की डोळं दुखत्यात म्हणत्यात. चित्रं बघतील, कापड बघतील अन् ठेवून देतील. अभिप्राय-बिप्राय कोण वाचतंय? तू फकस्त तोंड उघडू नगंस. अंक द्यायचा अन् निघायचं. कळलं?"

माझ्या जिवात जीव आला. खरंच की! अप्पांच्या दुकानात बाळबोध, म्हणजे आपलं पुस्तकातलं देवनागरी, अक्षर मी कधी बघितलंच नव्हतं.

मी निघालो तर त्या म्हणाल्या, "थांब. काय लिहिलंयस ते वाच तरी. मला वाचाया येत न्हाय."

कच्ची वही माझ्याजवळ होती. मी वाचलं. काकू खाली बघत ऐकत होत्या, पण कौतुकाच्या ओळींना त्यांच्या तोंडावर हसू आलं, ते त्यांनी लपवलं नाही. दाराआड बांगड्या वाजल्या.

"घाई कुठं होते म्हणालास?" आतून आवाज आला. गाण्यापलीकडे तो आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

"पंचमावरून खाली येताना," मी दाराला सांगितलं.

मग हळू आवाजात तिनं ती जागा घेतली. पुन्हा घेतली. तिसऱ्यांदा घेतली ती अशी सावकाश, की मी वही मिटायची विसरलो.

"आता?"

"आता बरोबर."

"मग पुढच्या बाजाराच्या दिवशी परत ऐक," ती म्हणाली. "अन् चुकलं तर लिहू नको, सांग."

काकू हसल्या. मीही हसलो. त्या घरातून निघताना मला वाटलं, निभावलं.

दुसऱ्या दिवशी अंक घेऊन दुकानात गेलो. अप्पा गादीवर होते. "या, संपादक!" म्हणाले. अंक मांडीवर घेतला. आधी कापडावरून हात फिरवला, शिलाई ओढून बघितली. वीणा बघून खो खो हसले. पानं भराभरा चाळली, तांबडे समास बघितले, हिरवी चौकट बघितली. अगदी काकू म्हणाल्या होत्या तसं. सतरावं पान आलं आणि गेलं. अप्पांनी अंक मिटला आणि गादीशेजारी ठेवला.

"झकास. बघितला समजा. दोन ओळी लिहून ठेवतो, सकाळी ने."

संपलं होतं. नमस्कार करून पायरी उतरायची, एवढंच करायचं होतं मला. पण अभिप्राय लिहायला ते मागची पानं उघडणार, तिथं तीन सह्यांनिशी सतरा, सतरा, सतरा लिहिलंय, हे माझ्या डोक्यात घुसलं आणि काही केल्या निघेना. आधीच सांगून टाकावं. सगळं खोटं आहे म्हणून सांगावं.

"अप्पा," मी म्हणालो, "ते सतराव्या पानावरचं आहे ना, ते सगळं मनचं लिहिलंय. खरं न्हाय ते."

मेल्या, तुझी जीभ का नाही झडली!

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. "कितव्या पानावरचं म्हणालास?"

त्यांनी अंक परत मांडीवर घेतला. चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, लावला. बोटाला थुंकी लावून एकेक पान उलटत सतराव्यावर आले आणि अक्षरावर बोट ठेवून वाचायला लागले, पहिलीतल्या पोरासारखं, मोठ्यानं. "भू...म...च्या. बा...जा...रा...च्या." एक गिऱ्हाईक आलं, लुगडं दाखवा म्हणालं. "थांबा जरा," अप्पा म्हणाले, आणि बोट पुढं सरकलं. "दि...व...शी." मी तिथं उभा होतो. माझंच अक्षर इतकं स्वच्छ, इतकं सुटं, की कुठं अडखळायला जागा नव्हती. भिंतीपलीकडे म्हणेपर्यंत त्यांचा आवाज बारीक होत गेला आणि पुढचं त्यांनी मनात वाचलं. शेवटपर्यंत वाचलं. मग अंक मिटून ते गिऱ्हाइकाकडं वळले. "कसलं लुगडं, बाई? नऊवारी?"

मला काही बोलले नाहीत. रागावले असते तर पाय तरी धरले असते त्यांचे.

सकाळी अंक आणायला गेलो. अप्पांनी तो कागदात गुंडाळून ठेवला होता. "अक्षर लई सुरेख हाय तुझं," म्हणाले आणि माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. बाहेर येऊन मी अभिप्रायाची पानं उघडली. तीन ओळी होत्या, आणि त्या मोडीत. आम्हाला शाळेत उर्दू शिकवलं, मोडी कुणी शिकवली नाही. ती वळणदार अक्षरं मी उलटी-सुलटी करून बघितली, एक लागेल तर शपथ. कापडाबद्दल काही असेल, असं मी स्वतःला सांगत राहिलो. बोळातून चालताना अप्पांच्या मागच्या दाराकडं बघितलं. भर सकाळी ते आतून लावलेलं होतं.

सहावं घर वकीलसाहेबांचं. ओसरीवर पांढरीशुभ्र गादी, पांढरा अभ्रा. कज्ज्यांचे जुने कागद वाचून वाचून मोडी त्यांना तोंडपाठ. त्यांनी सगळ्यांसारखंच केलं, आधी अभिप्राय उघडले. पोस्टमास्तरांचा वाचून हसले. डॉक्टरांचा, देशमुखांचा वाचला. मग अप्पांचा मोठ्यानं वाचला, न अडखळता, पाणी वाहावं तसा.

"'अंक पाहिला. मुलांची मेहनत दिसते. पृष्ठ सतरावर लिहिलेले गाणे कालपासून बंद केले आहे. सर्वांस कळावे.'"

मी तिथंच ओसरीवर उभा होतो. वकीलसाहेबांनी सतरावं पान काढलं आणि शांतपणे पूर्ण वाचलं. मधे एकदा मान डोलावली. "कान आहे रे तुला," म्हणाले. "वा! निषादाचं छान लिहिलंयस." आत हाक मारून बायकोला दोन ओळी वाचूनही दाखवल्या. पुन्हा अभिप्रायाच्या पानावर आले, अप्पांच्या ओळींवर क्षणभर थांबले, आणि माझ्यापुढं हात केला. अंकाबरोबर टाक आणि दौत माझ्याकडंच असायची; टाक मी दिला. त्यांनी अप्पांच्या सहीखाली लिहिलं, 'योग्य केले.' दुसऱ्या ओळीसाठी त्यांना पुन्हा शाई लागली. पांढऱ्या गादीवर सांडू नये म्हणून दौत मी हातात धरून उभा राहिलो.